प्रकृती, प्रवणता आणि विकार : इंग्रजी लेखनातील शब्दविवेक



रुग्णाची हकिकत इंग्रजीत लिहून देण्याचा प्रसंग आता आपल्यापैकी प्रत्येकावर येतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणाहून रुग्ण शस्त्रकर्मासाठी मुंबईला किंवा कोल्हापूरला जातो, तेव्हा वर्षानुवर्षे त्याला पाहणाऱ्या वैद्याने दिलेली चिठ्ठी सोबत असते. ती चिठ्ठी वाचणाऱ्या डॉक्टरांचा आपल्या परिभाषेशी परिचय नसतो. त्यांच्यापर्यंत आपण वापरलेला इंग्रजी शब्द तेवढा पोहोचतो. त्यामागचा शास्त्रार्थ पोहोचत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन माझ्या हातून घडलेल्या अशाच एका चुकीतून निर्माण झाले आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडील एक मध्यमवयीन बागायतदार अंत्रवृद्धीच्या शस्त्रकर्मासाठी परगावच्या एका रुग्णालयात गेले. त्यांच्यासोबत दिलेल्या पत्रात मी दोन वाक्ये इंग्रजीत लिहिली होती. पहिल्यात रुग्ण पित्तप्रकृतीचा आहे हे सांगण्यासाठी ‘बिलियस’ हा शब्द योजला. दुसऱ्यात ‘हॉट मेडिसिन्स डू नॉट सूट हिम’ असे लिहिले. कारण रुग्ण नेहमी ‘मला वेदनाशामक गोळी उष्ण पडते’ असे म्हणत असे. प्रत्यक्षात ती ठरावीक गोळी घेतल्यावर त्याच्या अंगावर गांधी उठत व ओठ सुजत. हे मला ठाऊक होते, परंतु मी ते लिहिले नाही.

परिणाम असा झाला की, पहिले वाक्य वाचून तेथील डॉक्टरांनी यकृत व पित्ताशयाच्या तपासण्या करविल्या व शस्त्रकर्म दोन दिवस पुढे गेले. दुसऱ्या वाक्याचा त्यांना काहीच बोध झाला नाही. शस्त्रकर्मानंतर तीच गोळी दिली गेली, ओठ व डोळे सुजले, श्वासाला त्रास सुरू झाला आणि तातडीचे उपचार करावे लागले. सुदैवाने रुग्ण वाचला. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती. पण जेथे विकार नव्हता तेथे पहिल्याने विकार सांगितला आणि जेथे धोका होता तेथे दुसऱ्याने तो झाकला. दोष वाचणाऱ्याचा नव्हता, माझा होता.

१. घोटाळ्याचे मूळ आपल्याच बोलीत

‘प्रकृती कशी आहे?’ असे आपण विचारतो तेव्हा आरोग्य विचारतो. ‘प्रकृती बरी नाही’ म्हणजे मनुष्य आजारी आहे. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ या म्हणीत मात्र प्रकृती म्हणजे स्वभाव. शास्त्रात प्रकृती म्हणजे गर्भावस्थेपासून ठरलेली देहाची घडण. मराठी बोलणाऱ्याच्या मनात हे तीनही अर्थ एका शब्दात सुखाने नांदतात आणि संदर्भाने कळतात. इंग्रजीत या तिघांना तीन वेगळे शब्द आहेत. आरोग्याला हेल्थ, मनाच्या स्वभावाला टेम्परामेंट वा डिस्पोझिशन आणि देहाच्या घडणीला कॉन्स्टिट्यूशन. यांची अदलाबदल केल्यास वाक्य बिघडत नाही, अर्थ बिघडतो.

२. शास्त्राचा निकष

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात सांगितलेल्या दशविध परीक्षेत पहिली परीक्षा प्रकृतीची व दुसरी विकृतीची आहे. दोन्ही स्वतंत्र आहेत, हा क्रमच आपल्याला मार्गदर्शक आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात चरकाचार्य देहप्रकृतीची व्याख्या ‘दोषानुशयिता’ या एका शब्दात करतात. अनुशय म्हणजे सतत चिकटून असणे. दोष अंगाशी सतत लगटून असतो. तो प्रकुपित झालेला असतोच असे नाही.

येथे कोणी शंका घेईल की, त्याच ठिकाणी वातलादी व्यक्तींना ‘सदातुर’ म्हटले आहे. मग प्रकृती हा विकारच नव्हे काय? याचे उत्तर विमानस्थानाच्या सहाव्या अध्यायात मिळते. वातलाला वातजन्य, पित्तलाला पित्तजन्य व श्लेष्मलाला कफजन्य व्याधी ‘प्रायेण’ होतात व बलवान होतात, असे तेथे प्रतिपादन आहे. ‘प्रायेण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यात शक्यता आहे, घटना नाही. सुश्रुताचार्य शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात विषात जन्मलेल्या किड्याचा दृष्टांत देतात : त्या किड्याला जसे विष मारत नाही, तशी प्रकृती मनुष्याला बाधत नाही. तेथेच प्रकृतीत आपोआप होणारा पालट हे आयुष्य संपत आल्याचे लक्षण मानले आहे.

थोडक्यात, प्रकृती म्हणजे अमुक दिशेने झुकलेली घडण. इंग्रजीत लिहिताना नेमका हा झुकाव सांगावयाचा असतो.

३. इंग्रजीतील जुना दोषविचार

इंग्रजी भाषा या विचाराला परकी नाही. ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त असे चार द्रव मानले जात व त्यांच्या आधिक्यावरून माणसांचे चार वर्ग केले जात. ते वैद्यक मागे पडले, पण शब्द उरले. उत्साही माणसाला सँग्विन, थंड माणसाला फ्लेग्मॅटिक, तापट माणसाला कोलेरिक व उदास माणसाला मेलॅन्कोलिक असे इंग्रज आजही म्हणतो. टेम्परामेंट या शब्दाचे मूळ ‘प्रमाणात मिसळणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. कॉम्प्लेक्शन म्हणजे मुळात गुणांचा संयोग. आज त्याचा अर्थ त्वचेचा वर्ण एवढाच राहिला. इडिओसिन्क्रसी या ग्रीक शब्दाचा अवयवार्थ ‘स्वतःचे वेगळे मिश्रण’ असा आहे. आपल्या प्रकृतिविचाराच्या इतका जवळ जाणारा दुसरा शब्द क्वचितच सापडेल.

मात्र हे शब्द आता वैद्यकातून निघून स्वभाववर्णनात गेले आहेत. म्हणून पित्तप्रकृतीला कोलेरिक म्हटल्यास वाचणाऱ्याला ‘रागीट’ एवढेच कळेल. याउलट वात, पित्त, कफ यांची शब्दशः भाषांतरे केल्यास तीन तक्रारी हाती येतात : विंड म्हणजे पोटातील वायू, बाइल म्हणजे यकृतातील स्राव आणि फ्लेम म्हणजे खोकल्यातून पडणारा बेडका. माझा ‘बिलियस’ याच जातीचा होता. त्या शब्दाने मळमळणारा, पित्ताच्या उलट्या होणारा रुग्ण डोळ्यांसमोर येतो.

यावर उपाय सोपा आहे. दोषांची व प्रकृतीची नावे तशीच ठेवावीत आणि पुढे एका वाक्यात अर्थ द्यावा. आधुनिक संशोधनातही हीच रीत रुळली आहे. पुण्यात भूषण पटवर्धन, कल्पना जोशी व अरविंद चोप्रा यांनी २००५ साली मानवी जनुकीय भेद व प्रकृती यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा ‘प्रकृती’ हाच शब्द ठेवला. दिल्लीच्या भावना पराशर व मिताली मुखर्जी यांच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात कॉन्स्टिट्यूशनल टाइप अशी शब्दयोजना आढळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘देश का प्रकृती परीक्षण’ अभियानात एक कोटीहून अधिक लोकांची प्रकृतिनोंद झाली. असे नोंद घेऊन आलेले रुग्ण यापुढे सर्व पद्धतींच्या चिकित्सकांकडे जाणार आहेत. त्यांना ‘हा तुमचा आजार नव्हे’ हे सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

४. उतार आणि दरड

प्रवृत्ती सांगणारे इंग्रजी शब्द बहुधा उतार, झुकाव वा ताण या कल्पनांतून आले आहेत. इन्क्लिनेशन म्हणजे कलणे, प्रोक्लिव्हिटी म्हणजे उतरणीकडे जाणे, टेन्डन्सी म्हणजे एका दिशेला ताणले जाणे. प्रोन म्हणजे पुढे झुकलेला, पालथा. कोरोनाकाळात रुग्णाला पालथे निजवताना हा शब्द आपण ऐकला आहेच. मराठीतही कल आणि ओढा आहेत. आणि संस्कृत ‘प्रवण’ या शब्दाचा मूळ अर्थही उतरता असाच आहे.

आपल्या जिल्ह्याला हा शब्द दुर्दैवाने चांगलाच परिचित आहे. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीनंतर ‘दरडप्रवण गाव’ हे शब्द घरोघरी पोहोचले. दरडप्रवण गाव म्हणजे दरड कोसळलेले गाव नव्हे. तेथे लोक राहतात, शेती होते. फक्त पावसाळ्यात जपावे लागते. प्रकृती व विकार यांच्यातील भेद याहून स्पष्ट करता येणार नाही. उतार ही प्रकृती, पाऊस हा हेतू, कोसळलेली दरड हा विकार.

इंग्रजीत हा भेद क्रियापदाने व शब्दयोगाने दाखवितात. पुढील प्रयोग ध्यानात ठेवावेत.

(अ) टेन्ड्ज टू : निव्वळ कल, बऱ्यावाईटाचा संकेत नाही. माणूस व वस्तू दोघांनाही चालतो. शास्त्रातील ‘प्रायेण’ला हा सर्वांत जवळचा आहे.

(आ) प्रोन टू : अनिष्टाकडे कल. डोकेदुखीकडे, मलावरोधाकडे. ‘आरोग्याला प्रोन’ असे कोणी म्हणत नाही.

(इ) लायेबल टू : बांधले जाण्याच्या कल्पनेतून आलेला, कायद्याच्या भाषेतही वापरला जाणारा. अमुक केल्यास अमुक अपाय होण्याचा संभव, असा सशर्त अर्थ येतो.

(ई) ससेप्टिबल टू : बाहेरून येणाऱ्या गोष्टीपुढे दुबळा; जसे थंडी, संसर्ग.

(उ) इन्क्लाइन्ड टू : मनाचा, इच्छेचा कल. देहाच्या व्याधीसाठी हा वापरू नये.

(ऊ) सब्जेक्ट टू : दिसायला सौम्य, पण याचा अर्थ झटके प्रत्यक्ष येत असतात असा होतो. केवळ प्रवणता असताना हा लिहू नये.

(ए) गिव्हन टू : सवय, तीही बहुधा निंदेच्या सुरात. रुग्णपत्रात टाळावा.

(ऐ) हॅज आणि सफर्स फ्रॉम : विकार आज उपस्थित आहे. प्रकृतीच्या नावापुढे ही क्रियापदे कधीही येऊ नयेत. ‘सफर्स फ्रॉम पित्त’ हे वाक्य आपल्या पत्रांतून कायमचे हद्दपार व्हावे.

मराठीत हेच काम प्रत्यय करतात : विसराळू, झोपाळू, भांडखोर. संस्कृतातील वातल व पित्तल हे शब्दही प्रत्ययानेच सिद्ध झालेले आहेत. इंग्रजीत असा एक सोयीचा प्रत्यय नसल्यामुळे तेथे योग्य क्रियापद निवडावे लागते.

जन्माशी संबंधित शब्दांतही विवेक हवा. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्याधींचे जे प्रकार सांगितले आहेत, ते येथे उपयोगी पडतात. शुक्रशोणितातून आलेल्या आदिबलप्रवृत्ताला हेरेडिटरी हा शब्द जवळचा. असा व्याधी उतारवयातही प्रकट होऊ शकतो. गर्भावस्थेतील कारणांनी जन्मतःच दिसणाऱ्या जन्मबलप्रवृत्ताला कन्जेनिटल. क्षुधा, तृषा, जरा यांसारख्या स्वभावबलप्रवृत्ताला नॅचरल. रुग्णालयाच्या कागदावर कन्जेनिटल म्हणजे बहुधा जन्मजात व्यंग; म्हणून निरोगी माणसाच्या प्रकृतीला तो शब्द लावू नये.

५. ‘उष्ण पडते’ म्हणजे काय?

रुग्ण म्हणतो : औषध उष्ण पडते, मानवत नाही, बाधते. या तीन बोलांमागे निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि इंग्रजीत त्या स्वतंत्र आहेत.

पहिली, द्रव्याच्या गुणामुळे जवळपास कोणालाही होणारा उपद्रव. उदाहरणार्थ वेदनाशामकांनी होणारी जठरातील जळजळ. हा साइड इफेक्ट. दुसरी, पदार्थ न पचणे. दूध न पचणाऱ्याला होते तसे. हा इन्टॉलरन्स. तिसरी, एखाद्याच्या जन्मजात घडणीमुळे येणारी विपरीत प्रतिक्रिया, म्हणजे वर सांगितलेली इडिओसिन्क्रसी. चौथी, अ‍ॅलर्जी. ही पूर्वीच्या संपर्काने शरीरात निर्माण झालेली असते व पुन्हा संपर्क होताच प्राणघातक रूप घेऊ शकते.

तिसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात न्यूनता. ती १९५६ साली उजेडात आली. असा मनुष्य एरवी निरोगी असतो. पण हिवतापावरील प्रायमाक्वीन दिल्यास त्याच्या रक्तपेशी फुटू लागतात. इंग्रज वैद्य आर्किबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ साली, प्रत्येक देहाचे रासायनिक वेगळेपण असते, असा विचार मांडला व १९०८ सालच्या व्याख्यानांत चयापचयातील जन्मजात दोषांचे विवेचन केले. तो विचार आपल्या परंपरेला अपरिचित वाटू नये.

अ‍ॅलर्जीचे उदाहरण आपल्या परसातच आहे. बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही झाडे एकाच कुळातील. काजूच्या टरफलातील तेलाने हात भाजतात, आंब्याचा चीक काहींच्या तोंडाला लागतो आणि बिब्बा उततो. येथे दोन गोष्टी एकत्र आहेत. फोड आणणे हा बिब्ब्याचा गुण. तो द्रव्याचा स्वभाव. पण बोटभर लावल्यावर एकाला काही न होणे व दुसऱ्याचे सर्वांग सुजणे हा व्यक्तीचा भेद. पहिल्यासाठी व्हेसिकन्ट, दुसऱ्यासाठी अ‍ॅलर्जिक. पत्रात दुसरा शब्द लिहिल्याशिवाय वाचणारा सावध होत नाही. बिब्बा उतलेल्या रुग्णाला केवळ ‘पित्ताचा’ म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे.

६. द्रव्यांचा स्वभाव : औषधविक्रेत्यांसाठी

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराच्या आठ आयतनांत प्रथम प्रकृतीच सांगितली आहे. तेथे ती द्रव्याची आहे. उडीद गुरू व मूग लघू, हे त्यांचे स्वभाव. दुसरे आयतन करण, म्हणजे संस्कार. त्याने गुण पालटतात. तांदळाच्या लाह्या हलक्या होतात ते यामुळेच. माणसाची प्रकृती पालटत नाही, द्रव्याचा गुण मात्र संस्काराने पालटतो, हा भेद लेबल लिहिताना लक्षात असावा : वर्णन कच्च्या द्रव्याचे नसून सिद्ध कल्पाचे असले पाहिजे.

भाषेच्या दृष्टीने मुख्य सूचना अशी की, द्रव्याचे वीर्य सांगताना विशेषणाऐवजी परिणामदर्शक रूप वापरावे. शीतवीर्य द्रव्याला ‘कोल्ड’ म्हटल्यास ग्राहक शीतकपाटातील बाटली समजेल, कूलिंग म्हणावे. सुंठ ‘हॉट’ म्हणजे तिखट. हीटिंग म्हटल्यास वीर्य कळते. गुरू म्हणजे ‘हेवी टू डायजेस्ट’. नुसते हेवी म्हणजे वजनदार. स्थिर गुणासाठी प्रॉपर्टी, शरीरावरील परिणामासाठी अ‍ॅक्शन हे शब्द ठेवावेत. आपला गुण-कर्म विवेक तेथे जसाच्या तसा उतरतो.

वस्तूच्या वागण्याविषयी इंग्रजी ‘विल’ हे क्रियापद भविष्यकाळाशिवायही वापरते : तेल पाण्यावर तरंगणारच. अशा अटळ धर्मासाठी ‘विल’ आणि संभवासाठी ‘मे’ लिहावे. अरिष्टाच्या तळाशी साका बसण्याचा संभव असेल तर ‘मे सेटल’ पुरे.

एक शब्द विशेष जपून वापरावा. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारे. पण आरंभीच्या ‘इन’मुळे पुष्कळांना तो नकार वाटतो व ‘न पेटणारे’ असा उलटा अर्थ घेतला जातो. कापूर, निलगिरी तेल यांसारख्या मालावर फ्लेमेबल हाच शब्द घालावा.

कायद्याचेही भान असावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १६१ अन्वये, अनुसूची ई (१) मधील द्रव्य असलेल्या पोटात घेण्याच्या सिद्ध औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचा इशारा इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत ठळकपणे छापावा लागतो. भल्लातक, वत्सनाभ, कुपीलू ही त्या अनुसूचीतील नावे आहेत. असा इशारा असलेली बाटली देताना ‘पूर्वी बिब्बा उतला होता का?’ हा एक प्रश्न दुकानातच विचारावा.

७. पत्राचा नमुना

तेच पत्र आज लिहावयाचे असते तर मी चार ओळी स्वतंत्र ठेवल्या असत्या. पहिल्या ओळीत घडण : ‘कॉन्स्टिट्यूशन : पित्त-कफ प्रकृती, अ नॉर्मल बॉडी टाइप, नॉट अ डिसीज.’ दुसरीत प्रवणता : ‘प्रोन टू हायपरअ‍ॅसिडिटी.’ तिसरीत आजचा विकार : ‘हॅज इन्ग्वायनल हर्निया.’ चौथी ओळ सर्वांत वर, ठळक व शक्य तर लाल शाईने : ‘अ‍ॅलर्जिक टू’ आणि पुढे त्या गोळीचे रासायनिक नाव, झालेली लक्षणे व वर्ष. रुग्ण व्यापारी नाव सांगत असल्यास वेष्टन मागवून घटक पाहावा. अ‍ॅलर्जी नसल्यास ती ओळ रिकामी न सोडता तसे लिहावे. रिकाम्या जागेचा अर्थ ‘नाही’ की ‘विचारले नाही’ हे वाचणाऱ्याला कळत नाही.

स्वाध्याय म्हणून आपल्या जुन्या पत्रांच्या प्रतींपैकी पाच काढाव्यात व प्रत्येक वाक्याशेजारी घडण, प्रवणता, विकार, धोका यांपैकी एक शब्द लिहून पाहावा. जेथे दोन शब्द लिहावे लागतील, ते वाक्य तोडून पुन्हा लिहावे.

‘स्वभावाला औषध नाही’ अशी म्हण आहे. शास्त्रदृष्ट्या ती खरीच आहे; कारण स्वभाव हा रोग नव्हे, त्याला औषध कशाला? मात्र स्वभावाला चुकून रोग म्हटले, की नको ती औषधे सुरू होतात. आणि रोगाला स्वभाव म्हटले, की हवे ते औषध मिळत नाही. ते बागायतदार आजही माझ्याकडे येतात. त्यांच्या कागदाच्या माथ्यावर आता लाल शाईची ओळ आहे. इत्यलम्.